शेपटीवरच्या सात रेघा

खिडक्या शनिवारीच पुसून झाल्या होत्या, त्यामुळे नवरा निदान त्याच्या साठाव्या वाढदिवशी तरी घरात सापडेल अशी मार्गा होल्टकँपची समजूत होती. एरवी तिनं बादली आणि चामड्याचं फडकं बाहेर काढलं, की एवाल्ड टोपी चढवून पाय काढता घ्यायचा. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं स्वतः कधी काच पुसली नाही, आणि दुसरं कुणी पुसत असेल तर तो त्या खोलीत थांबलाही नाही. इंग्रजांच्या अंगावर विमान घालणारा माणूस साबणाच्या पाण्याला घाबरतो, अशी घरात चेष्टा चालायची. तोही ती निमूटपणे ऐकून घ्यायचा.

आज मात्र खिडक्यांचा काही संबंध नसताना तो परसात सशांच्या पिंजऱ्यापाशी लपला होता. कोट नवा, टाय नवा आणि हातात गाजराचा पाला.

"इथं काय करतोयस?" मार्गा म्हणाली. "टेबल मांडून झालंय. डेटलेफची गाडी वळणावर दिसली."

"एकटाच आहे?"

"एकटाच. सूनबाई उलरीके आणि पोर स्टेशनजवळच्या खानावळीत बसलीत. तो म्हणतो, आधी मी अंदाज घेतो. युद्ध टेबलावर आलं तर मी उठलो. नाही आलं तर फोन करून त्यांना बोलावतो."

एवाल्डनं पाला सशाच्या तोंडाशी धरला. नात सात महिन्यांची झाली होती. तिचा एक फोटो मार्गानं स्वयंपाकघरात साखरेच्या बरणीला टेकवून ठेवला होता, आणि घरात कुणी नसलं की तो चष्मा लावून बघायचा. साखर मात्र त्याला डॉक्टरांनी बंद केली होती, त्यामुळे बरणीपाशी तो कशाला जातो हे मार्गाला पक्कं ठाऊक होतं.

"मी कधी आणलं युद्ध टेबलावर?" तो कुरकुरला.

"तू नाही आणत. तुझी मुलगी आणते. तिला मी सकाळीच बजावलंय, आज विमान हा शब्द तोंडातून काढायचा नाही."

"काय म्हणाली?"

"हो म्हणाली. फार लवकर हो म्हणाली," मार्गा म्हणाली, आणि दोघंही काळजीत पडली.

डेटलेफनं आपली डबडी फ्रेंच गाडी मुद्दाम मेहुण्याच्या चकचकीत गाडीला खेटून लावली. तीन वर्षांपूर्वी नाताळात, भाजलेला हंस पुढ्यात असताना, त्यानं बापाला सरळ विचारलं होतं, "सात विमानं म्हणजे सात माणसं. झोप लागते का तुम्हाला?" एवाल्ड उठून सशांकडे गेला. डेटलेफ ब्रेमेनला गेला, तो आज परत येत होता. मधल्या काळात त्यानं दाढी वाढवली, शाळेत मास्तरकी धरली आणि लग्न केलं. बाप झाल्यावर मात्र आईच्या फोनला 'बघू' म्हणायला लागला. दारातून आत येताना तो मनातून धास्तावला होता, पण ते दाखवायची त्याची पद्धत वेगळी होती.

"काय हाइनर, काल मॅच बघितलीस की नाही?" त्यानं मेहुण्याला छेडलं.

हाइनरचं तोंड पडलं. काल हॅम्बुर्गला पूर्वेकडच्या जर्मनांनी आपल्या जर्मनांना एका गोलनं हरवलं होतं, आणि सगळं गाव सुतकात होतं.

"तू नाचला असशील, कॉम्रेड," हाइनर म्हणाला. तो गावातला नळकाम करणारा, धंदा जोरात, आणि ग्लायडर क्लबचा अध्यक्ष. आवाज नेहमी तळघरातल्या माणसाशी बोलल्यासारखा.

"नाचलो नाही. शेजाऱ्यांना मिठाई वाटली."

"बघितलंत, बाबा? बघितलंत?"

"बसा रे," एवाल्ड म्हणाला. त्यानं मुलापुढे हात केला. डेटलेफनं तो धरला आणि जरा लवकर सोडला. पण धरला. मार्गानं ते पाहिलं आणि केकचा सगळ्यात मोठा तुकडा मुलाच्या ताटलीत टाकला.

पहिला अर्धा तास झकास गेला. लोण्याचा केक संपत आला. डेटलेफनं तिसरा तुकडा उचलला, तेव्हा त्याची थोरली बहीण रोस्विटा म्हणाली, "आई, हा पाच तुकडे खाणार."

"तीन," डेटलेफ म्हणाला.

"साक्षीदार?" रोस्विटानं विचारलं, आणि सगळे हसले. एवाल्डही.

हा होल्टकँपांच्या घरचा कायदा होता. लढाऊ विमानदलात साक्षीदार असल्याशिवाय पाडलेलं विमान मोजत नसत. तू पाडलंस म्हणतोस, पण बघितलं कुणी? कुणी नाही? मग पडलंच नाही. युद्धाबद्दल एवाल्डनं मुलांना सांगितलेली तेवढी एकच गोष्ट. मुलांनी ती उचलली आणि मुरंबा कुणी चाटला, सायकल कुणी पाडली, रोस्विटाचं चुंबन हाइनरनं खळ्यामागे खरंच घेतलं का, या सगळ्या खटल्यांना लावली. साक्षीदार नसेल तर ते झालंच नाही. या कायद्यानं डेटलेफनं लहानपणी पुष्कळ मुरंबा पचवला होता.

हसता हसता रोस्विटानं घड्याळ पाहिलं. तिचे डोळे लकाकत होते, आणि तिच्या आईला ते मुळीच आवडलं नाही.

रोस्विटाचं काय चुकत होतं म्हणा. भावाचं बालपण पोटभर गेलं. तिचं गेलं होतं बटाट्याच्या साली उकडण्यात. बाप कैदेतून परतला तेव्हा ती दहा वर्षांची होती आणि तिच्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं, बूटसुद्धा मामाचे. होता तो फक्त बाप, सात विमानं पाडलेला. शाळेत कुणी तिच्या बुटांना हसलं की ती सात बोटं वर करायची. ती बोटं अजून खाली आली नव्हती. त्या विमानांत माणसं होती हे तिला कळत नव्हतं असं नाही, पण तिकडे ती बघत नसे. आणि आता हा शेंडेफळ दाढी वाढवून येणार, तीन वर्षं रुसणार, आणि त्याच्या रुसव्यापायी बापानं आपल्याच वाढदिवशी गुन्हेगारासारखं बसायचं? तिनं आईला शब्द दिला होता, विमान म्हणणार नाही. ती म्हणणारच नव्हती. ती दाखवणार होती.

फाटकाशी हॉर्न वाजला. एकदा नाही, वरातीसारखा.

"कोण?" मार्गानं विचारलं.

"बाबांसाठी गंमत," रोस्विटा म्हणाली. "पहिली गंमत."

चौकड्यांचा कोट घातलेला एक गोल माणूस फाटकातून आत आला. एका हातात फुलं, दुसऱ्यात श्टाइनहेगर या कडक दारूची मातीची बाटली. "एवाल्ड! अरे म्हाताऱ्या! तू अजून जिवंत? मला वाटलं एव्हाना तुझ्या सशांनी तुला खाल्लं असेल!"

एवाल्डच्या तोंडचं पाणी पळालं. तो युप शिफर होता, कलोनचा. युद्धात दोन वर्षं एवाल्डच्या विमानाच्या उजव्या पंखामागे उडणारा त्याचा जोडीदार. आणि सातही विमानांचा एकमेव साक्षीदार. एवाल्ड इतकी वर्षं त्याला नाताळचं एक कार्ड सोडून काही पाठवत नव्हता, ते विनाकारण नव्हतं. ऱ्हाइनकाठच्या माणसाच्या तोंडाला दार नसतं, आणि युप तर तिथल्या कार्निवलमध्ये पिंपावर उभं राहून भाषणं ठोकणारा.

"युप, जरा ससे बघायला चल," एवाल्ड म्हणाला, आणि त्याला दंडाला धरून परसात घेऊन गेला.

"हे ससे? वा, गुबगुबीत आहेत," युप म्हणाला. "कापतोस कधी?"

"शेजारी कापतो. ऐक. तू कलोनमध्ये काय सांगितलंयस?"

"कशाबद्दल?"

"युप."

"अच्छा, ते." युपनं बाटलीचं बूच काढलं. "तुझी सात, माझी नऊ, असंच ठरलं होतं. म्हणजे कागदावर नऊ. कलोनमध्ये आता चौदा झालीत. काय करणार, दर कार्निवलला लोक विचारतात, एखादं वाढतं."

"इथं माझा मुलगा आलाय. तो मला खुनी समजतो."

"आणि मुलगी?"

"मुलगी मला देव समजते."

युप एक घोट प्यायला आणि विचारात पडला. तसं त्याच्या बाबतीत क्वचित व्हायचं. "म्हणजे खरं सांगितलंस तर मुलगा मिळतो आणि मुलगी जाते. नाही सांगितलंस तर उलट."

"नाही सांगितलं तर नातही जाते."

"मग सांग की. तीस वर्षं झाली. आता आपल्याला कोण कोर्टात उभं करणार?"

"रोस्विटा," एवाल्ड म्हणाला. आणि तेवढ्यात तिचीच हाक आली.

अंगणात हाइनरनं आपली गाडी मागे घेतली होती. गाडीला ट्रेलर, ट्रेलरवर एक लांबच लांब वस्तू, तिच्यावर मार्गाच्याच तीन चादरी. मार्गानं चादरी ओळखल्या आणि डोळे मिटून घेतले.

"मी आईला शब्द दिलाय," रोस्विटा सगळ्यांना म्हणाली, "म्हणून बोलत नाही. हाइनर, ओढ!"

चादरी खाली आल्या. क्लबचं नवं कोरं ग्लायडर होतं, पांढरंशुभ्र, पंख काढून बाजूला बांधलेले. नाकावर निळ्या अक्षरांत 'एवाल्ड' लिहिलेलं. इथवर ठीक होतं. क्लबमध्ये नव्या ग्लायडरचं बारसं होतंच, आणि साठी उलटलेल्या सभासदाचं नाव देतातच. पण हाइनर एवढ्यावर थांबणारा माणूस नव्हता. शेपटीच्या उभ्या पट्टीवर त्यानं स्वतःच्या हातानं, पट्टी लावून, काळ्या रंगात सात रेघा ओढल्या होत्या. "युद्धात पाडलेल्या विमानांच्या शेपटीवर ओढायचे ना, तशाच," त्यानं अभिमानानं सांगितलं. त्याला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. नळवाल्याला सरळ रेघ दिसली की समाधान वाटतं.

"पाडलेल्यांच्या नव्हे, पाडणाऱ्याच्या शेपटीवर ओढतात," युपनं हळूच दुरुस्ती केली, आणि मार्गानं त्याच्या पायावर पाय दिला.

डेटलेफ उभा राहिला. अगदी शांतपणे त्यानं रुमालानं दाढीवरची साखर झटकली. "छान आहे," तो म्हणाला. "केक छान होता, आई. मी निघतो."

"डेटलेफ, बस," मार्गा म्हणाली.

"सात माणसं आहेत ती! रेघा मारल्यात त्यांच्या! आणि याच्यावर वाइन ओतून टाळ्या वाजवायच्या? माझ्या मुलीनं हे बघायचं?"

"तुझ्या मुलीला बूट आहेत ना पायात?" रोस्विटा कडाडली. "मग तुला नाही कळायचं! बाबांनी देशासाठी—"

"कुणाच्या देशासाठी, रोजी? कुणाच्या?"

"आमच्या क्लबला रंगाचं काम मी फुकट करून दिलंय," हाइनर म्हणाला, आणि त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

डेटलेफ फाटकाकडे चालायला लागला. एवाल्डला त्याची पाठ दिसत होती, बापासारखीच डावा खांदा किंचित खाली असलेली. स्टेशनाजवळच्या खानावळीत एक पोर बाबागाडीत हात हलवत असणार. आता गाडी सुरू होईल, मग झालं.

"खोटी आहेत," एवाल्ड म्हणाला.

डेटलेफ थांबला नाही. एवाल्डनं मोठ्यानं सांगितलं, "सातही खोटी आहेत! मी एकही पाडलं नाही त्यातलं!"

आता सगळेच थांबले. डेटलेफही, फाटकाशी.

रोस्विटा हसली. "बाबा, त्याच्यासाठी कशाला असलं काही—"

"रोजी, बाळा, खरं सांगतोय."

"साक्षीदार?" तिनं विचारलं. सवयीनं. पण तिचा आवाज चिरकला.

तेव्हा चौकड्यांच्या कोटातला माणूस खुर्चीवर चढला. खाली उभं राहून त्याला बोलताच येत नसावं. "हजर आहे! युप शिफर, कलोन. सातही वेळा मी साक्षीदार होतो, आणि शपथेवर सांगतो, सातही वेळा मी काही म्हणजे काही पाहिलं नाही!"

"उतरा खाली," हाइनर म्हणाला. "खुर्ची भाड्याची आहे."

युप उतरला नाही. त्यानं मीठमिरची लावून सगळं सांगितलं. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचा तळ, समोर समुद्र, पलीकडे इंग्रज. कमांडर रोज विचारणार, आज किती? ज्याचं शून्य त्याची रजा बंद. आणि आम्ही दोघं तर इंग्रजांचं विमान लांबून दिसलं की ढगात शिरायचो. मग ढगात शिरल्यावर एवाल्डला युक्ती सुचली.

"मला नाही, तुला सुचली," एवाल्ड म्हणाला.

"साक्षीदार आहे का?" युपनं विचारलं आणि पुढे चालू केलं. समुद्रावर जायचं, लाटांवर गोळ्या झाडायच्या. बंदुका काळ्या झाल्या पाहिजेत ना, मेकॅनिक बघतो. परत यायचं. एकदा मी म्हणायचं, एवाल्डनं एक पाण्यात पाडलं. पुढच्या वेळी त्यानं म्हणायचं, युपनं पाडलं. "तुकडे कुठायत? बुडाले. समुद्राला कोण विचारणार? जेवढे मासे आम्ही मारले, मित्रांनो, तेवढे कुण्या कोळ्यानं मारले नसतील!"

हाइनरच्या तोंडून हसू फुटलं. बायकोकडे बघून त्यानं ते खोकल्यात घातलं.

डेटलेफ फाटकाशी उभा होता. त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही असावा, पण आधी भलतंच काहीतरी झालं. "एकही नाही?" त्यानं विचारलं. "नक्की?"

"का रे?" मार्गा म्हणाली. "तुला कमी पडली?"

"तसं नाही. पण... मी सहा वर्षं सभांमध्ये सांगतोय. की मी अशा बापाचा मुलगा आहे. एकदा तर टाळ्याही पडल्या." तो स्वतःशीच ओशाळला. "शाळेत मुलांना शिकवतो मी हे!"

"मग आता शिकव, की तुझा बाप भित्रा होता," मार्गा म्हणाली. "आणि जरा मानानं सांग, कारण तुझा जन्म त्यातनंच झालाय."

"म्हणजे?"

"सातव्या विमानाबद्दल याला रजा मिळाली, दहा दिवस. त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात. तू कधी जन्मलास? मोज."

डेटलेफनं मोजलं. दाढीच्या वरचा सगळा चेहरा तांबडा झाला.

"त्या शेवटच्या रेघेचं नाव डेटलेफ आहे!" युप ओरडला. "आणि त्याचा साक्षीदार मी नाही!"

आता मात्र हाइनर खोकला विसरून ट्रेलरवर हात आपटत हसला. मार्गा हसली. डेटलेफ हसला, आधी नाकातून, मग डोळे पुसत. एकटी रोस्विटा हसली नाही. ती चादर घडी करत होती, कोपऱ्याला कोपरा लावून. एवाल्ड तिच्याजवळ गेला.

"तुला माहीत होतं?" तिनं आईला विचारलं. बापाकडे बघितलंही नाही.

"सांगितलं नव्हतं यानं. पण ज्याला ससा कापवत नाही तो काय करून आला असेल, याचा मी अंदाज केला होता."

"आणि मी गावभर सात बोटं नाचवत फिरले. तुम्ही बघत होतात, बाबा."

"बघत होतो," एवाल्ड म्हणाला. "तुझ्या पायात मामाचे बूट होते. मला तुझी बोटं खाली करायला लावणं जमलं नाही. मला लाज वाटायची, रोजी. तुझी नाही, माझी."

रोस्विटानं चादर त्याच्या हातात कोंबली. "धरा ते टोक," ती म्हणाली. बापलेकींनी मिळून चादर झटकली आणि घडी केली. दुसऱ्या चादरीला तिचं नाक ओढणं थांबलं. "भित्रे तर भित्रे," ती पुटपुटली. "निदान परत आलात. माझ्या वर्गातल्या ग्रेटाचा बाप चौतीस पाडून गेला तो गेलाच." मग ती नवऱ्यावर ओरडली, "दात काय काढतोस? पूस त्या रेघा! ते नाव ठेव आणि रेघा पूस!"

डेटलेफ घरात गेला. खिडकीतून सगळ्यांना त्याचा आवाज ऐकू आला. "उलरीके? हो, मीच. ये. टॅक्सी कर आणि ये. नाही नाही, रडत नाहीये, हसतोय. तुला काय सांगू, हा सगळा चोरांचा बाजार आहे." मार्गानं ते ऐकलं आणि पळतच कॉफीचं पाणी ठेवायला गेली, कारण तिला कुणासमोर रडायचं नव्हतं.

हाइनरनं गाडीतून टर्पेंटाइन आणि चिंध्या काढल्या आणि शेपटीशी बसून रेघा पुसायला लागला. एक गेली, दुसरी गेली. युप प्रत्येक रेघेला सलाम ठोकत होता. "गेला बिचारा! त्याच्या मागे दोन मासे आहेत!" रोस्विटानं वाइनची बाटली आणून बारसं उरकलं, पण हात रागाचा होता. वाइन नाकाऐवजी बसायच्या जागेवरच्या काचेच्या झाकणावर फसफसली.

डेटलेफ बाहेर आला तो मोकळा, हलका होऊन. ट्रेलरच्या चाकावर पाय ठेवून वर चढला. "अरे, सगळी काच खराब केलीत," तो म्हणाला आणि खिशातला रुमाल काढून, पुढे वाकून, ती काच पुसायला लागला.

एवाल्डनं टोपी शोधली. ती डोक्यावरच होती. त्यानं सशांच्या दिशेनं दोन पावलं टाकली.

तेवढ्यात त्याला हाइनरचं बोलणं ऐकू आलं. "ही शेवटची. ही गेली की बाबा एकदम स्वच्छ."

तो वळला. आता पाच मिनिटांत टॅक्सी येईल. पाच मिनिटं गप्प बसणं त्याला काही अवघड नव्हतं. इतकी वर्षं त्यानं दुसरं केलं काय होतं? मुलगा मिळाला होता, मुलगी गेली नव्हती, नात वाटेत होती. सशांपर्यंत जायचं, ससे बघायचे, परत यायचं.

"ती एक राहू दे," एवाल्ड म्हणाला.

"कोणती? ही? ही तर मीच आहे," डेटलेफ वरून हसत म्हणाला. "सातवी."

"सातवी पूस. सगळ्याच पूस. पण मग एक नवी ओढ." त्यानं खुर्ची ओढली आणि बसला. "एक होतं. ते या सातांत नाही. ते कुणी मोजलंच नाही."

"काय बोलतोयस?" युप म्हणाला. त्याचा हात सलामासाठी वर गेला होता, तो तसाच राहिला. "माझ्याशिवाय कुठं गेलास तू?"

"तुला कावीळ झाली होती. मी एकटा होतो. ढगात शिरलो, नेहमीसारखा. बाहेर आलो तर माझ्या पुढ्यात एक इंग्रजी विमान. या ट्रेलरपासून ते फाटक आहे तेवढं लांब. त्याच्या पुढच्या काचेवर तेल उडालं असावं. त्यानं झाकण मागे सरकवलं होतं, आणि बाहेर वाकून रुमालानं काच पुसत होता. हा आत्ता पुसत होता तशी."

डेटलेफनं रुमालाकडे पाहिलं.

"त्यानं मला पाहिलंच नाही. पुसायचं काम तो मन लावून करत होता. मला परत ढगात जाता आलं असतं. रोज जातच होतो की. पण त्या वेळी भीती वाटली नाही, म्हणून गेलो नाही. एवढंच कारण. बोट दाबलं. त्याची हवाई छत्री उघडली नाही, मी शेवटपर्यंत बघितलं." त्यानं चष्मा काढला आणि न पुसताच पुन्हा घातला. "तळावर सांगितलं, बंदुकांची चाचणी घेतली. कुणाला कळवलं नाही. तुमच्या आईलाही नाही."

मार्गा कॉफीचं भांडं घेऊन दारात उभी होती. तिनं एकदा वळून आपल्या लख्ख खिडक्यांकडे पाहिलं, आणि भांडं पायरीवर ठेवून दिलं.

युपनं सलामाचा हात खाली घेतला. फाटकाबाहेर टॅक्सी थांबली, दार वाजलं, पोराचा कुरकुरण्याचा आवाज आला.

डेटलेफ ट्रेलरवरून उतरला. बापाकडे न बघता तो फाटकापर्यंत गेला. एवाल्डला पुन्हा ती पाठ दिसली, डावा खांदा खाली. फाटकाशी मुलगा बायकोशी हळू आवाजात काहीतरी बोलला. उलरीकेनं मान वळवून अंगणात पाहिलं. टॅक्सीवाला वाट बघत होता, जायचं की थांबायचं.

मग डेटलेफनं त्याला हातानं जायला सांगितलं.

तो पोर कडेवर घेऊन आला, मागोमाग उलरीके. रोस्विटानं खुर्ची सरकवली, बापाच्या खुर्चीला लागून. डेटलेफ तीत बसला. पोर त्यानं बापाच्या मांडीवर दिलं नाही, स्वतःच्याच मांडीवर धरलं. पण ती होल्टकँपांची निघाली. तिनं हात लांब करून आजोबांचा टाय पकडला आणि तोंडात घातला. एवाल्डची तिला हात लावायची हिंमत झाली नाही.

"कोणत्या हातानं पुसत होता?" डेटलेफनं विचारलं.

"डाव्या."

"वय?"

"तोंड दिसलं नाही. मान दिसली. कोवळी होती."

डेटलेफनं मान हलवली. त्यानं टाय चघळणाऱ्या पोरीकडे पाहिलं. मग म्हणाला, "आता पुन्हा सांगा, बाबा. ढगात शिरलात तिथपासून. सावकाश सांगा, काही गाळू नका. साक्षीदाराला सगळं नीट माहीत पाहिजे."